पाणी आलंय अक्का, नंतर करा

आमच्या दवाखान्याच्या मागं जनरेटरची शेड आहे. शेडच्या आडोशाला सिमेंटची जुनी टाकी, आणि टाकीला लागून बसण्यापुरता कट्टा. नोकरीला लागून मला आठवडा झाला असेल. डबा खाऊन हात धुवायला मागं गेले, तर कट्ट्यावर तिघं बसलेले. एकाच्या हाताला सलाईनची सुई तशीच, वर चिकटपट्टी. दुसऱ्यानं लघवीची पिशवी मांडीवर घेतलेली. तिसरे सहा नंबरच्या खाटेवरचे मामा, ज्यांच्या हृदयात तीनच दिवसांपूर्वी स्टेंट बसवला होता. तिघांत मिळून एक विडी. मला बघून मामांनी ती मुठीत लपवली, शाळेतल्या पोरानं लपवावी तशी, आणि म्हणाले, "बसा की अक्का, ऊन लै हाय."

मी त्या दवाखान्यातली समाजसेविका. हुद्दा ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांत जातो. रेशनकार्डावरचं नाव एक, आधारवरचं दुसरं, आणि हे एकच माणूस आहे हे कुणाला तरी पटवून द्यायचं. त्या दिवशी मी मामांना सिस्टरच्या ताब्यात दिलं. सिस्टरनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी राउंडला सगळ्या वॉर्डासमोर झापलं, "मरायचंय का तुम्हाला?" मामा म्हणाले, नाही. संध्याकाळी परत टाकीवर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "तूच बोल त्यांच्याशी. माझ्याकडे एका पेशंटला चार मिनिटं असतात." असं हे काम माझ्याकडं आलं. नेमणुकीचं पत्र नाही, खोली नाही, पगारात वाढ तर सोडाच. स्टोअरमधून दोनशे पानी एक वही मिळाली, तीही सही करून.

सुरुवातीला मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. काळ्या फुप्फुसाचं चित्र लॅमिनेट करून आणलं आणि ते खाटाखाटांवर दाखवत फिरले. पेशंट माना हलवायचे. एका आजोबांनी चित्र हातात घेऊन उजेडाला धरलं, नीट बघितलं आणि विचारलं, "बोकडाचं हाय का?" त्या दिवसापासून चित्र कपाटात गेलं.

पण खरा टोला दुसऱ्याच पेशंटनं दिला. आमच्या गल्लीतलाच निघाला तो. माझं लांबलचक बोलणं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "तुझी आई वळती, आम्ही ओढतो. तू मधी कशाला?"

माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेले तुकडे, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, आणि तोंड दुमडायचं. दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. माझी फी, माझं एसटीचं पास, समाजकार्याच्या पदवीचा खर्च, सगळं त्या सुपातून आलं. सोलापुरात विडीला नावं ठेवणं म्हणूनच अवघड आहे. कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार विडी कामगार बायकांची, 2006 सालची. रिक्षावाल्याला नुसतं 'विडी घरकुल' म्हटलं तरी तो पूर्ण पत्ता असतो. त्या माणसाला मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. आजही माझ्याकडं असं नीट मांडता येईल असं उत्तर नाही. एवढंच, की आईला पगार मिळावा म्हणून त्याच्या छातीत कफ साठावा हे आईलाही नको असतं.

तर मी भाषण बंद केलं आणि विचारायला लागले. पहिला प्रश्न: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली विडी किती वेळात? दिवसात किती ओढता यापेक्षाही हा प्रश्न जास्त सांगून जातो. तोंड धुवायच्या आधी, पाच मिनिटांत पेटवणारा माणूस शरीरानं निकोटीनला बांधलेला असतो, त्याला नुसत्या निश्चयावर सोडून चालत नाही. मामांचं उत्तर होतं, "पेटवून मगच डोळं उघडतो."

बोलायचं कधी, हेही चुका करूनच कळलं. अ‍ॅडमिट झाल्या दिवशी माणूस इतका घाबरलेला असतो की काहीही कबूल करतो. "आजपासून बंद, सिद्धरामेश्वराची आण." ती आण दोन दिवस टिकते. डिस्चार्जच्या दिवशी त्याचं डोकं बिलात आणि रिक्षात. मधला दुसरा-तिसरा दिवस खरा. दुखणं थोडं कमी झालेलं असतं, सकाळचा राउंड उरकलेला, घरचा डबा यायचा असतो. अकरा ते बारा. आणि बायकोसमोर कधीही नाही. बायको बसलेली असली की ती म्हणते, "मला विचारा, मी सांगते," आणि पुढचा अर्धा तास लग्नापासूनचा इतिहास. त्या बाईचं काही चुकत नाही, पण पेशंट भिंतीकडं तोंड करून झोपतो.

खाटेवर पडलेल्या माणसाची विडी आपोआप सुटलेली असते, हे आपण विसरतो. शेवटची विडी ओढून दोन-तीन दिवस झालेले असतात आणि ते सगळ्यात वाईट दिवस असतात. चिडचिड, झोप नाही, हाताला चाळा नाही. वॉर्डात त्यालाच 'पेशंट कटकट करतो' म्हणतात. आमच्या एका ब्रदरच्या हे लक्षात आलं आणि तोच मग मला सांगायला लागला, "अक्का, नऊ नंबर आज सलाईन उपटायलाय, बघा जरा." नऊ नंबरला औषधापेक्षा कुणीतरी हे सांगायची गरज होती की हे विडीमुळं होतंय, तीन दिवसांनी ओसरायला लागेल, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक जाईल. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांची असते. घोटभर पाणी पीत, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या की ती निघून जाते. परत येते, हेही सांगायचं. न सांगता आली की माणूस म्हणतो, आपल्याला जमत नाही.

आता एक गोष्ट, जी मला कुठल्याही पत्रकात सापडली नव्हती आणि वॉर्डात रोज सापडते. पेशंटचा पहिला प्रश्न कॅन्सरचा नसतो, पोटाचा असतो. "विडी मारल्याशिवाय होतच न्हाई वो." सुरुवातीला मी हसायचे. नंतर डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खोटं नाही. निकोटीननं आतडी हलतात. सोडल्यावर काही दिवस पोट घट्ट होतं. हार्टच्या पेशंटनं तर जोर करायचाच नाही. म्हणून आता मी आधीच विचारते, सिस्टरला सांगते, डॉक्टर इसबगोल नाहीतर एखादं पातळ औषध लिहून देतात. माझा अनुभव विचाराल तर दुःखानं, टेन्शननं जेवढ्या विड्या परत पेटत नाहीत तेवढ्या संडासाच्या दारात पेटतात.

दुसरं चहाचं. धुरातल्या काही घटकांमुळं लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर निकामी करत असतं. धूर बंद झाला की तो वेग उतरतो, मग पूर्वीइतकाच चहा अंगावर जास्त चढतो. छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो, बघा, विडी सोडली तर मी जास्तच आजारी पडलो. चहा निम्मा करा म्हटलं की निम्म्या तक्रारी जातात. दम्याच्या लोकांना देतात त्या थिओफिलिनच्या गोळीचंही तसंच आहे, पण तो डोस बघणं डॉक्टरांचं काम. मी फक्त केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते: विडी बंद केली आहे.

निकोटीनच्या च्युइंगगमचं प्रकरण मात्र ऐकण्यासारखं आहे. तो गम साध्या गमसारखा चघळायचा नसतो. दोन-चारदा चावला की जीभ चुरचुरते, तेव्हा गालात सारून गप्प ठेवायचा. चुरचुर गेली की परत दोन-चारदा चावायचा. असं अर्धा तास. औषध गालातून जातं. हे मी समजावून सांगितलं, पेशंटनं मान हलवली, गम तोंडात टाकला आणि मिनिटभरात खिडकीतून पिचकारी. आमच्याकडं तोंडात काही धरलं की थुंकायचं हे हाताला-तोंडाला बसलेलं आहे. पैशाचा गम पेरूच्या झाडाला गेला. दुसऱ्यानं उलटं केलं. कचाकचा चावून सगळी लाळ गिळली आणि अशी उचकी लागली की शेजारच्या खाटेवरच्या माणसानं बेल दाबून सिस्टरला बोलावलं, "ह्यांचं हार्ट बंद पडायलंय." तेव्हापासून पहिला गम मी समोर बसून खायला लावते. हार्टच्या पेशंटला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देतच नाही.

मामांना गम नको होता. त्यांना मशीन आवडलं. डॉक्टरांनी स्वतःच्या पैशांतून एक छोटं यंत्र मागवलं होतं; नळीत फुंकलं की श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे तो आकडा दिसतो. वॉर्डात त्याला फुंकणी म्हणतात. टाकीवरून धरून आणलेल्या मामांनी फुंकलं, आकडा आला 19. मी सांगितलं, हाच वायू बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणसं मारतो, आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवून बसतो. मामा म्हणाले, "पण आपली पानाची हाय. सिगारेटीसारखी कागदाची न्हाई. आयुर्वेदिक."

हे मी शंभरदा ऐकलंय. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा थोडी असते हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझायला बघते, म्हणून ती जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. ओढणाऱ्याच्या छातीत धूर, टार, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकाच, बऱ्याचदा जास्त जातो. मामांनी आयुष्यभर विडी ओढलेली. विझते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते गप्प झाले. दोन दिवस टाकीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी फुंकलं, आकडा 3. मग काय विचारता! सकाळ-संध्याकाळ फुंकणी मागायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही फुंकायला लावलं आणि त्याचा आकडा सगळ्या वॉर्डाला सांगितला. मला वाटलं, जिंकलो आपण.

डिस्चार्जच्या दिवशी मामांच्या हातात कार्ड, गोळ्यांची पिशवी, बिलाची पावती. गोळ्या कधी घ्यायच्या ते कार्डावर होतं, मीठ कमी खा हे होतं, विडीबद्दल एक ओळ नव्हती. मी गेटपर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "मामा, फोन करते हं." गेटच्या बाहेर वीस-पंचवीस पावलांवर टपरी आहे. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. दवाखान्यात ओढायला बंदी आहे, 2008 पासून दंडाची पाटीही आहे, पण गेटबाहेरच्या टपरीचं त्यात काही अडत नाही. मामा रिक्षात बसले, टपरीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून हसले.

फोन मी केला नाही. का ते सांगता येत नाही. खाटेवर दुसरा पेशंट आला, त्याचे कागद निघाले, योजनेचं पोर्टल दोन दिवस बंद पडलं. आणि मनातून खरं कारण हे, की माझ्या लेखी ते काम संपलेलं होतं.

सहा आठवड्यांनी मामा ओपीडीत आले. लांबूनच वास आला. मी फुंकणी घेऊन गेले. नको म्हणत होते, मीच हट्ट केला. 22. मामा ओशाळले नाहीत. उलट रागानं म्हणाले, "तुम्ही फोन करणार होता की. चार दिवस मी वाट बघितली. पाचव्या दिवशी कारखान्यात गेलो, मागावरची पोरं बाहेर विडीला निघाली, मी बी गेलो. आत बसून काय करायचं?"

पुढं दोन-तीन महिन्यांनी मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला बसायला मिळालं, तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिलं ते मला मामांनी आधीच शिकवलेलं होतं. दवाखान्यात कितीही चांगलं समजावलं आणि घरी गेल्यावर सोडून दिलं, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. घरी गेल्यावर किमान महिनाभर कुणीतरी मागं राहिलं, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण नक्की वाढतं. त्यांनीच सांगितलं, हार्ट अटॅकनंतर ओढणं सोडलेल्यांत मरणाचा धोका न सोडलेल्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असतो. मी मनात स्टेंटचं बिल आणि माझ्या एका फोनचा खर्च शेजारी शेजारी मांडला.

मामांच्या त्या 22 नंतरच मी वहीत रकाने आखले होते. डिस्चार्जनंतर तिसरा दिवस, सातवा, पंधरावा, तिसावा, मग तिसरा महिना. कार्डावर विडीची ओळ छापा म्हणून ऑफिसला अर्ज केला, तर कळलं की जुन्या कार्डांचा गठ्ठा संपेपर्यंत नवीन छापता येत नाहीत. मग नवी पेठेतून एक रबरी शिक्का करून आणला: 'विडी / सिगारेट / तंबाखू सोडली. तारीख ____'. खाली सरकारी हेल्पलाइनचा नंबर, 1800-11-2356. हाच नंबर विडीच्या बंडलावरही छापलेला असतो, पण तो वाचायला बंडल विकत घ्यावं लागतं, ही गंमतच आहे. शिक्का मी स्वतः मारते आणि तारीख पेशंटला स्वतःच्या हातानं लिहायला लावते. लिहिता येत नसेल तर अंगठा. अंगठा दिलेला माणूस त्या कागदाला जास्त मानतो असं माझं निरीक्षण आहे.

फोनचं शास्त्र वेगळं आहे. पहिल्या महिन्यात निम्मे नंबर चुकीचे निघाले. एक नंबर पुण्यातल्या मुलाचा, एक बंद पडलेल्या सिमचा. आता वॉर्डातच मिस कॉल द्यायला लावते, आणि दोन नंबर घेते. कारखान्यातल्या माणसाला पाळीप्रमाणं फोन करायचा. रात्रपाळीवाल्याला सकाळी दहाला फोन केला तर शिव्याच ऐकायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला एकही माणूस फोनवर बोलत नसतो. "पाणी आलंय अक्का, नंतर करा." सुरुवातीला मला वाटायचं टाळतायत. मग मी वहीत नवा रकाना आखला: पाणी कधी येतं. हा रकाना बघून मुंबईचे डॉक्टर हसले होते, हसू देत.

फोनवर 'ओढली का?' असं विचारायचं नाही. 'पोट कसं आहे?' इथून सुरू करायचं. मग झोप, मग चहा. मग, "सगळ्यात जास्त कधी आठवली?" या प्रश्नाला माणूस खरं सांगतो, कारण आठवण्यात गुन्हा नाही. खोटं बोलणारा 'न्हाई न्हाई' दोनदा म्हणतो. शिवाय मागून बायको ओरडून दुरुस्ती करतच असते.

ओढणं सुटलं म्हणजे तंबाखू सुटली असंही नाही. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के निघाले आणि खाणारे-लावणारे 24.4 टक्के. आमच्या वॉर्डातही ओढणाऱ्याला सगळे मिळून झापतात. झापणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या गालात तंबाखूचा मावा असतो, गेटवरच्या वॉचमनसकट. सर्जरीच्या वॉर्डात एक दादा होता, चाळिशीच्या आतला, टॉवेलच्या मागावर काम करणारा. पायाचं बोट काळं पडलेलं, रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसायचा, दुखायचं म्हणून. बर्जरचा आजार. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, आणि तंबाखूशिवाय हा आजार जवळजवळ होतच नाही. यात कमी करणं चालत नाही. दिवसाला दोन ओढल्या तरी तो पुढं सरकत राहतो. म्हणून निकोटीनचा गमसुद्धा द्यायचा नसतो. दादानं तीसवरून दोनवर आणली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. शून्य म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तरी त्यानं विडी बंद केली. आठवड्यानं कळलं, त्याची आई भाकरीच्या फडक्यात तंबाखू-चुन्याची पुडी आणून देते. मी चिडले. म्हातारी निरागसपणे म्हणाली, "ओढू नको म्हणालेत. लावायला कुठं नको म्हणाले?" बरोबर होतं तिचं. कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे विडी विडी करत होतो.

तोंडाला चाळा काय, यावर उपायही त्यानंच काढला. बडीशेप, लवंग यांनी त्याचं भागेना. कडक भाकरीचे तुकडे शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि तलफ आली की एकेक कुडूम कुडूम चावायचा. मी आता हे सगळ्यांना सांगते. सोलापुरात कडक भाकरी कुठंही मिळते, खिशात मऊ पडत नाही, आणि चावायला वेळ लागतो. शेंगाचटणी मात्र खिशात नको.

दादाच्या पायाचा एक अंगठा गेला. पुढचे दोन महिने चांगले गेले. मग जानेवारीत सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा आली. मी फोन केला तेव्हा मागून पाळण्यांचा आणि लाऊडस्पीकरचा आवाज, त्याचं बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला. मित्र भेटले, होम मैदानावर रात्री फिरताना एक ओढली, मग बंडलच घेतलं. "गेलं सगळं अक्का. आता काय उपेग न्हाई." मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मागावर धागा तुटला की काय करता?" तो म्हणाला, "माग थांबवायचा, गाठ मारायची, चालू करायचा." मग स्वतःच थोडा वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "पण लै गाठी झाल्या की माल सेकंड जातो, तेवढं ध्यानात ठेवा." त्याच्या बोटाकडं बघता ते खरंच होतं. उरलेलं बंडल त्यानं त्या रात्री आईकडं दिलं. आईनं ते फेकलं नाही, विकून आली. असो.

माझ्या वहीत सोडणाऱ्यांपेक्षा परत धरणारे जास्त आहेत. डॉक्टर म्हणतात असंच असतं, बिनमदतीनं सोडू पाहणाऱ्या शंभरातले तीन ते पाच टिकतात, आपलं त्यापेक्षा बरं चाललंय. मला आकड्यांत फार गती नाही. कोण परत आला, तर त्याच्या नावापुढं नवी तारीख लिहिते. काहींच्या नावापुढं चार-चार तारखा आहेत.

एकदा रात्री घरी वही भरत बसले होते. आई शेजारी पानं कापत होती. तंबाखूचा खकाणा तिच्या नाकातोंडात जातोच. ती कधी ओढत नाही, पण सकाळी तिचा खोकला मी लहानपणापासून ऐकतेय. तिनं विचारलं, "किती जणांनी सोडली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." कात्री चालूच. मग म्हणाली, "कारखान्यात परवा पानं कमी दिली. कामच कमी आहे म्हणतात." पुढं काही बोलली नाही. मीही वही मिटून तिला दोरा गुंडाळून द्यायला बसले.

वहीतला पहिला तिसावा दिवस मामांचाच आहे. ओपीडीतल्या त्या 22 नंतर त्यांनी पुन्हा तारीख लिहिली होती आणि या वेळी मी तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी फोन केला होता. तिसाव्या दिवशी सकाळी सातला लावला, पाळीवर जायच्या आधी सापडतील म्हणून. मामींनी उचलला. मागं बादल्यांचा आवाज, कुणीतरी पाइप ओढत होतं.

"पाणी आलंय अक्का, नंतर करा."

"मामा आहेत का, एवढंच सांगा."

फोन तसाच चालू राहिला. पाणी हंड्यात पडत होतं. मामी कुणाला तरी ओरडल्या, दवाखान्यातल्या अक्कांचा फोन आहे म्हणून. लांबून, बहुतेक टाकीत वाकूनच, मामांचा घुमणारा आवाज आला, "एकतीस झाले म्हणावं!"

माझ्या हिशोबानं तीस होते. ओपीडीतला दिवस त्यांनी धरला असावा.